कर्ज खरं असेल तर?

गेल्या वर्षी मार्चमध्ये ऑफिसात स्टँडअप चालू असताना मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडच्या मुलीने आधी माझं नाव घेतलं, मग माझ्या मामाचं, आणि विचारलं, "सर, तुम्ही त्यांचे कोण लागता?" मी सांगितलं. "मग त्यांना समजावून सांगा ना. त्यांचा हप्ता पंचेचाळीस दिवस थकलाय. फॉर्मवर तुमचाच नंबर आहे." आवाज गोड होता. तिने ना शिवी दिली, ना धमकी. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की या संभाषणाची बांधणी माझ्या ओळखीची आहे. आधी नातं विचारायचं, मग जबाबदारी टाकायची, मग दिवसांचा आकडा सांगायचा. असल्या बांधण्या मी स्वतः केल्या होत्या. अडीच वर्षं मी एका कर्जकंपनीच्या वसुलीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममध्ये होतो.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुला पण आला का?" आणि लगेच, "कुणाला बोलू नकोस."

मामाचं सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेसमोर झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. कोविडमध्ये शाळा बंद, म्हणून दुकानही बंद. एक कर्ज काढलं. त्याचे हप्ते भरायला दुसरं, आणि दुसऱ्याचे भरायला मोबाइलवरची तीन छोटी. मी शनिवारी त्याच्याकडे गेलो. त्याने दोनशे पानी वही पुढे ठेवली. प्रत्येक कर्जाला वेगळं पान. तारीख, हप्ता, दंड, शिल्लक, सगळं शाळेतल्या अक्षरात. मी लॅपटॉप उघडून प्रत्येक कंपनीच्या स्टेटमेंटशी ती वही ताडून पाहिली. कुठेतरी खोट निघेल, लपवलेला चार्ज किंवा दोनदा लावलेला दंड सापडेल आणि मग आपण तक्रार ठोकू, अशी आशा होती. सगळं जुळलं. वहीत एकही खोटा आकडा नव्हता.

मामा म्हणाला, "तू याच लाइनीत होतास ना? मग सांग, याला शेवट काय असतो?"

मला उत्तर आलं नाही. हा लेख त्या न आलेल्या उत्तराबद्दल आहे. आपण कर्जाच्या ज्या गोष्टी ऐकत, पाहत मोठे झालो त्यांत मामासारख्या माणसाची गोष्ट का नाही, हे मला शोधायचं आहे.

खोटी वही

बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' १९२५ सालचा. मूकपट, कथा नारायण हरी आपटे यांची, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन लाटतो आणि शेतकरी गिरणीत राबायला शहरात जातो. १९५३ सालच्या बिमल रॉय यांच्या 'दो बीघा ज़मीन'मध्ये शंभूला वाटत असतं की आपण पासष्ट रुपये लागतो. जमीनदाराच्या हिशेबात ते दोनशे पस्तीस निघतात, आणि फेडण्यासाठी शंभू कोलकात्यात हातरिक्षा ओढतो. १९५७ सालच्या मेहबूब खान यांच्या 'मदर इंडिया'त मूळ कर्ज पाचशे रुपयांचं. व्याजापोटी पिकाचा तीन चतुर्थांश हिस्सा जातो आणि मुद्दल तसंच राहतं. सुखीलालाची वही घरात कुणालाच वाचता येत नाही. शेवटी बिरजू त्या वह्या जाळतो, सुखीलालाला मारतो, आणि आई बिरजूला गोळी घालते.

तिन्ही सिनेमे मोठे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण लागोपाठ पाहिले की एक गोष्ट खटकते. तिन्हींत ऋणकोबद्दलची आपली सहानुभूती एकाच खुंटीला टांगलेली आहे: कागदात लबाडी आहे. अंगठा फसवून घेतला आहे, आकडा फुगवला आहे, वाचता न येण्याचा फायदा उठवला आहे. सावकार लबाड, म्हणून शेतकरी निर्दोष. हे जितकं परिणामकारक आहे तितकंच सोयीचंही आहे. कारण त्यातून न बोलता एक नियम तयार होतो: कागद खरा असता, तर शेतकऱ्याची बाजू घ्यायचं कारण उरलं नसतं.

ही लबाडी सिनेमावाल्यांनी हवेतून आणली नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि पुढे हे लोण पुणे-नगर भागात पसरलं. आपण याला दख्खनचे दंगे म्हणतो. चौकशी आयोगाने नोंदवलेली गोष्ट मला, एक इंजिनिअर म्हणून, फार बोलकी वाटते: जमावाला हवे होते कर्जरोखे. जिथे सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुतेक वेळा पुढे काही झालं नाही. कागद जाळायचे आणि निघायचं. त्या लोकांना डेटाबेस कुठे ठेवलाय हे नेमकं माहीत होतं, आणि त्याचा बॅकअप नव्हता.

बिरजू तेच करतो. पण मामाच्या बाबतीत बिरजूने काय जाळायचं? मामाला वाचता येतं. अॅपने व्याजाचा वार्षिक दर दाखवला होता, अटी दाखवल्या होत्या, मामाने 'मान्य आहे' दाबलं होतं. बेकायदा अॅपची गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाला २०२१ साली भारतीय ग्राहकांसाठीची सुमारे अकराशे कर्जअॅप सापडली, त्यांतली सहाशे बेकायदा. फोनमधले नंबर उचलून सगळ्या नातेवाइकांना विद्रूप केलेले फोटो पाठवणारे ते हेच लोक. त्यांच्यावर वेबसिरीज लिहिता येईल, कारण त्यांत खलनायक आहे. मामाला कर्ज देणाऱ्या पाचही कंपन्या नोंदणी असलेल्या होत्या. त्याची गोष्ट इतकीच, की त्याने खरं कर्ज खऱ्या कारणासाठी घेतलं आणि आता त्याच्याकडे पैसे नाहीत.

या गोष्टीच्या सगळ्यात जवळ जाणारी कादंबरी मला 'गोदान' वाटते. प्रेमचंदांच्या होरीला एक सुखीलाला नाही; दातादीन आहे, झिंगुरी सिंह आहे, मंगरू साह आहे, किराणा विकणारी दुलारीही आहे. कुणाचं थोडं, कुणाचं जास्त. काहींची नियत वाईट, काहींची तुमच्या-माझ्याइतकीच. गाय घ्यायची इच्छा खरी, उधारी खरी, बिरादरीचा दंड भरण्याची त्याची हतबलताही खरी. १९३६ साली प्रेमचंदांना दिसलं होतं, की कर्ज माणसाला गिळतं त्यासाठी लबाडीची गरजच नसते. पण शेवट त्यांनाही एकच सुचला. होरी मरतो. खरं कर्ज संपायला माणूस संपावा लागतो.

तगाद्याचं व्याकरण

खलनायक नसलेल्या वसुलीचा आवाज कसा असतो, हे मी लिहून पाहिलेलं आहे. समीक्षक कवितेचं बारकाईने वाचन करतात, तसं एकदा वसुलीच्या मेसेजचं करायला हवं. आमच्याकडे पंधरा-वीस साचे होते. हप्त्याच्या तीन दिवस आधीचा मेसेज मित्राचा असायचा: पहिलं नाव, हात जोडलेला इमोजी. हप्ता चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी तो थोडा दुखावलेल्या नातेवाइकाचा. तीस दिवस उलटले की नाव जायचं, 'प्रिय ग्राहक' यायचं, आणि भाषा सरकारी व्हायची: "आपल्याविरुद्ध कायदेशीर प्रक्रिया सुरू करण्यात येत आहे."

त्या वाक्यात कर्ता कुठे आहे? प्रक्रिया कोण सुरू करतंय? 'करण्यात येत आहे.' मराठीतला हा प्रयोग सरकारी कचेऱ्यांनी घडवला आणि आम्ही तो आयता उचलला. सुखीलाला निदान 'मी' म्हणतो. त्याच्यावर चिडता येतं. शिवाय हे क्रियापद कायम चालू वर्तमानकाळात असतं. प्रक्रिया रोज सुरू होत असते, कधीच झालेली नसते. वाचणारा महिनोन् महिने त्या 'येत आहे'मध्ये अडकून पडतो.

एकदा दोन मजकुरांची चाचणी घेतली होती. एकात क्रेडिट स्कोअर खाली येईल असं होतं, दुसऱ्यात 'आपल्या कुटुंबाच्या भविष्यासाठी' हप्ता भरा असं. दुसऱ्यावर जास्त लोकांनी पैसे भरले. आम्ही दुसरा ठेवला. मीटिंग अकरा मिनिटांत संपली. कुणीही क्रूर नव्हतं. मला तर त्या तिमाहीत शाबासकी मिळाली होती.

तगादा काही नवा नाही. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली इथल्या व्यवस्थेवर जो अहवाल दिला त्यात तगाद्याचं तपशीलवार वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवत असे. ऋणको वरचढ असेल तर धनको त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, दारात आरडाओरडा करी किंवा त्या कामासाठी माणसं लावी. म्हणजे रिकव्हरी एजंट तेव्हाही होते. आणि कधी धनको दारात उपाशी बसे. मग ऋणकोलाही अन्नाला शिवता येत नसे. धरणं धरणं ते हेच.

त्या काळाचे गोडवे गायचं मला कारण नाही. उन्हात बसवणं हे उन्हात बसवणंच. पण धरण्याला धनकोलाही किंमत मोजावी लागे. भूक दोघांना लागे. दार अडवून बसणाऱ्याला आतली पोरं दिसत. आमच्या सिस्टीममध्ये एक मेसेज काही पैशांत जायचा, आणि दहा हजार लोकांना तो पाठवणं हे एका माणसाला पाठवण्याइतकंच सोपं होतं. थांबायचं कारण खर्चातून येतं. तगाद्याला खर्चच उरला नाही, की तो थांबवायला नियम लागतो.

नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं, की वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना, मित्रांना, संदर्भ म्हणून नाव दिलेल्यांना छळायचं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्जअॅपना फोनमधले संपर्क आणि फोटो बघायला बंदी झाली. आम्ही कोडमध्ये सात वाजताची अट टाकली. सहा एकोणसाठला रांगेतले सगळे मेसेज सुटायचे. नियम पाळला गेला, आणि मामाच्या प्रश्नाला तो लागूही झाला नाही. कारण हे नियम तगादा कसा लावावा ते सांगतात. तो संपावा कधी, हे सांगत नाहीत.

शब्द

मराठीत कर्ज फिटतं. आपोआप घडल्यासारखं, अकर्मक. पण फिटलं नाही तर माणूस ते 'बुडवतो'. आता क्रियापद सकर्मक झालं, हेतू आला, आरोप आला. 'त्याचं कर्ज बुडालं' असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला आधी धनकोची कीव येते. ज्याला फेडता आलं नाही अशा माणसासाठी उरलेले शब्द म्हणजे 'कर्जबाजारी' आणि 'दिवाळखोर'. दुसरा तर आपण शिवीसारखाच वापरतो: वैचारिक दिवाळखोरी, नैतिक दिवाळखोरी. कायद्याने जी सुटकेची वाट असायची तिचं नाव आपण दुसऱ्याच्या अंगावर फेकायला ठेवलं आहे.

एक चांगला शब्द होता: नादार. ज्याच्याकडे नाही तो. आमच्या आजोबांच्या पिढीत गरीब मुलाला शाळेत फी माफ होणं म्हणजे नादारी मिळणं. नादारी 'मिळायची', लाज वाटत असेलही, पण ती मिळायची, आणि मूल दुसऱ्या दिवसापासून वर्गात बसायचं. आज तो शब्द कोर्टाच्या कागदात उरला आहे.

दामदुपटीचं तर पार उलटं झालं. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपट ही सावकारावरची मर्यादा होती: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही ती मानली. आज 'दामदुप्पट' ऐकलं की आपल्याला पैसे दुप्पट करून देणारी फसवी योजना आठवते. ऋणकोच्या संरक्षणासाठी असलेला शब्द आमिषाची जाहिरात झाला, आणि वाटेत कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

कंपन्यांसाठी मात्र भाषा मऊ आहे. कंपनी बुडाली आणि बँकांनी निम्म्याहून अधिक रक्कम सोडली तर त्याला 'हेअरकट' म्हणतात. केस काय, परत वाढतात. माणसाच्या बाबतीत शब्द आहे 'डिफॉल्टर'. आणि बँक जेव्हा माणसाचं कर्ज 'राइट ऑफ' करते तेव्हा ती फक्त आपल्या ताळेबंदातून ते काढते. वसुली चालूच राहते. धनकोच्या वहीत गोष्ट संपलेली असते, ऋणकोच्या फोनवर नाही.

शेवट नसलेला कोड

आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक कर्जाला एक स्थिती असायची: चालू, थकीत, एनपीए, राइट ऑफ, सेटल्ड, बंद. ग्राहकाच्या पानावर आणखी एक होती: मृत. ती लावली की मेसेज थांबायचे. 'नादार' अशी स्थिती नव्हती. मी कधी विचारलं नाही की ती का नाही, कारण तशी गरज पडेल असा एकही कागद आमच्याकडे यायचा नाही. 'गोदान'चा शेवट आमच्या कोडमध्ये जसाच्या तसा होता.

कागद का यायचा नाही, ते मामामुळे शोधलं. देशात २०१६ साली नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली. तिचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. त्यात अगदी गरीब ऋणकोसाठी 'नव्या सुरुवाती'ची तरतूद आहे: वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत, स्वतःचं घर नाही. या आकड्यांत मामा बसत नाही, पण तो प्रश्नच येत नाही. हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी तो हे लिहीपर्यंत छापील आहे, चालू नाही. आपल्यासाठी उरतात इंग्रजांचे दोन कायदे: मुंबईसारख्या शहरांना १९०९ चा, बाकी सगळ्यांना १९२० चा. दुसऱ्यात निदान पाचशे रुपये कर्ज असलं की जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. पाचशे! मी तालुक्यातल्या एका वकिलांना विचारलं. ते हसले. बावीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी असा एकही अर्ज केला नव्हता.

मला जास्त लागलं ते वेगळंच. १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, सुरुवातीला चार जिल्ह्यांपुरता: पुणे, सातारा, नगर, सोलापूर. त्यात कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब तपासायची मुभा होती. ही खोट्या वहीवरची तोड. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. आणि एक संपूर्ण प्रकरण होतं नादारीवर: शेतकऱ्याने जवळच्या दुय्यम न्यायाधीशाकडे जाऊन 'माझ्याकडे नाही' असं सांगायची सोय. म्हणजे कर्ज खरं असलं तरी काय, हा प्रश्न मामाच्याच जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहिला गेला होता. सरकारने तो दयेपोटी नाही, दंग्याच्या भीतीने लिहिला. आपल्या सिनेमांनी त्यातली खोटी वही तेवढी उचलली. नादारीचं प्रकरण कुणी पडद्यावर आणलं नाही.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो माझ्या मनातही येतो. मी दर महिन्याला हप्ता भरतो. उद्या सगळेच हात वर करायला लागले तर? शेवटी बँकेत ठेव कुणाची असते, आपल्याच आईवडिलांची ना? आक्षेप खोटा नाही. पण नादारी म्हणजे कर्जमाफी नव्हे. कर्जमाफी यादीने येते, निवडणुकीच्या आगेमागे येते, गरजू आणि बिनगरजू एका ओळीत बसतात. नादारीत एकेका माणसाला कोर्टासमोर आपली वही उघडावी लागते. जे आहे ते द्यावं लागतं. लपवलं तर शिक्षा असते. आणि मग उरलेलं संपतं. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याला अकरा वर्षं मेसेज पाठवत राहिल्याने ठेवीदाराचे पैसे परत येत नाहीत. आमच्या डॅशबोर्डवर ते स्पष्ट दिसायचं: ठरावीक दिवसांनंतर आलेख जमिनीला टेकायचा. मेसेज तरी जायचेच, कारण थांबवायला कुणाचं काही अडत नव्हतं.

मी मामाला हे सगळं सांगितलं. अठराशे एकोणऐंशी ऐकून तो म्हणाला, "म्हणजे पणजोबाला सोय होती." मग आम्ही दोघांनी मिळून पाच कंपन्यांना पाच ईमेल लिहिले. वहीतलं प्रत्येक पान स्कॅन करून जोडलं. दुकानाची कमाई, घरखर्च, दर महिन्याला किती देता येईल तो आकडा. कायदेशीर वजन काही नाही. दोघांनी सेटलमेंट मान्य केली. मामाच्या क्रेडिट रिपोर्टवर आता 'सेटल्ड' लिहून येईल, म्हणजे पुढची काही वर्षं त्याला कुणी कर्ज देणार नाही. एकाने हप्ते कमी केले. दोघांकडून उत्तर नाही, फक्त मेसेज येतात, सहा एकोणसाठला.

निघताना मी त्याला विचारलं, त्या मुलीच्या फोनवर तू नेमकं काय सांगतोस? तो म्हणाला, "काय सांगणार, थकलंय म्हणतो."

मराठीत कर्ज थकतं आणि माणूसही थकतो, एकच क्रियापद. इतक्या शब्दांमध्ये एवढाच एक सापडला, ज्यात आरोप नाही. खऱ्या कर्जाची गोष्ट कुणी लिहायला घेतली, तर ती इथून सुरू करता येईल. आणि शेवटी माणूस जिवंत ठेवावा.